स्टॅनली कपचा सातवा सामना: नक्की काय ठरतं त्या रात्री?

बर्फातला_बंड्या | २६ जून २०२४

मंडळी, परवा सोमवारी रात्री आइस हॉकीच्या स्टॅनली कपचा सातवा सामना झाला. फ्लोरिडा पँथर्स २, एडमंटन ऑइलर्स १. मी एडमंटनला राहतो. ऑफिसात सुतक आहे. घरी बायको म्हणते, "खेळच आहे ना, जेवून घे." म्हणून इथे येऊन मन मोकळं करतोय.

ज्यांचं या खेळाशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएचएलची (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग) फायनल म्हणजे एक सामना नसतो, मालिका असते. सातपैकी चार जिंकेल त्याचा कप. फ्लोरिडाने पहिले तीन घेतले: ३-०, ४-१, ४-३. गावातले लोक गाड्यांवरचे झेंडे काढायला लागले होते. मग आमच्या पोरांनी चौथा ८-१, पाचवा ५-३ आणि सहावा ५-१ असा घेतला. तीन-शून्यवरून तीन-तीन! फायनलमध्ये असं मागून येऊन कप जिंकणारा संघ इतिहासात एकच, १९४२ चा टोरंटो. आता दुसरे आपणच, असं इथल्या शेंबड्या पोरालाही वाटत होतं.

आणि मग सातवा. २-१. खेळ खल्लास.

आता माझं दुखणं. सातही सामन्यांचे गोल मिळवून बघा. एडमंटन २३, फ्लोरिडा १८. सात सामने कशासाठी खेळवतात? नशिबाचा वाटा कमी व्हावा, जो खरा सरस तो वर यावा म्हणून. पण तीन-तीन झालं की आधीच्या सहा सामन्यांची पाटी पुसायची आणि सगळं एका रात्रीवर लावायचं. मग सहा खेळवले तरी कशाला? तुम्हाला काय वाटतं, सातव्या सामन्यात सरस संघ ठरतो की फक्त त्या रात्रीचा नशीबवान?

---

खडकीकर

हॉकी म्हणजे धनराज पिल्ले. विषय संपला. बर्फ गोळ्यात घालायचा असतो, त्यावर धावायचं नसतं.

---

सुलभा_ठाणे

बंड्या, तुझ्या दुःखात सहभागी. पण हा हिशोब लावायचा तर १९ नोव्हेंबर २०२३ चा आधी लाव. दहाच्या दहा सामने जिंकून अहमदाबादला गेलो आणि एका संध्याकाळी ट्रॅव्हिस हेडने सगळं धुऊन नेलं. तुम्हाला निदान हरायला चार सामने दिले. आम्हाला एकच पुरला.

---

टवाळ_पोपट

+१ सुलभाताई. ती जखम उघडू नका, अजून ओली आहे.

---

गोलीची_आई

मिसिसागाहून लिहिते आहे. मुलगा गोली (गोलकीपर) आहे. म्हणजे पहाटे साडेपाचला रिंकवर असणं, गाडीच्या डिकीत कायम ओल्या पॅडचा वास आणि मॅच हरली की परतीच्या रस्त्यात एक शब्द न बोलणं, हे सगळं आलं.

बंड्या, तुमच्या २३ मधले ८ एकाच रात्रीचे आहेत. आठ मारले काय आणि दोन मारले काय, जिंकल्याचा एकच सामना मिळतो. उरलेले गोल पुढच्या सामन्यासाठी डब्यात भरून नेता येत नाहीत.

मला या मालिकेत बॉब्रोव्स्की दिसला. फ्लोरिडाचा गोली. चौथ्या सामन्यात पाच गोल खाल्ल्यावर त्याला बाहेर बसवलं. पुढच्या दोन सामन्यांतही तो उतरला आणि संघ हरला. तीन सामने ओळीने असे गेल्यावर सातव्याला त्याच गोलपुढे उभं राहायचं, वय पस्तीसचं, आणि समोर एडमंटनचा हुकमी मॅकडेव्हिड. मी टीव्हीवर बघत होते. पिरियड (सामन्याच्या तीन भागांपैकी एक) सुरू व्हायच्या आधी गोली आपल्या पुढचा बर्फ स्केटच्या पात्याने खरवडतात, डावीकडून उजवीकडे, मग उलट. नुकता मशीन फिरलेला बर्फ गुळगुळीत असतो, त्यावर पाय घसरतो. माझा मुलगाही रोज करतो. बॉब्रोव्स्कीने ते घाई न करता केलं. मी नवऱ्याला म्हटलं, आज हा काही देत नाही. २४ फटक्यांपैकी २३ अडवले.

तेव्हा माझं उत्तर असं, की पाटी पुसत नाही. आधीच्या सहांचं ओझं डोक्यावर घेऊनच सातवा खेळावा लागतो, आणि ते ज्याला पेलतं तो जिंकतो.

---

बर्फातला_बंड्या

गोलीची_आई, दंडवत. पण आमचा गोली स्किनर, त्यानेही २१ पैकी १९ अडवले हो. बिचाऱ्याचं नाव कोणी घेत नाही.

---

व्हँकुव्हरचा_विन्या

बंड्याच्या २३ वरून आठवलं. १५ जून २०११, व्हँकुव्हर विरुद्ध बॉस्टन, सातवा सामना, आमच्या घरी. त्या मालिकेत बॉस्टनचे एकूण गोल किती? २३. आमचे किती? आठ. सात सामन्यांत आठ! तरी आम्ही तीन सामने जिंकले होते, त्यातले दोन १-० ने. तुझ्या गोलांच्या हिशोबाने आम्हाला सातवा खेळायला मिळायलाच नको होता. २३ गोल करून बॉस्टन जिंकलं, २३ गोल करून एडमंटन हरलं. तेव्हा तो आकडा गुंडाळून ठेव.

सामन्याबद्दल काय लिहू. ०-४. दोन बर्जरॉनचे, दोन त्या मार्शांडचे. मार्शांडचं नाव आमच्या घरात काढत नाहीत. त्यानंतर डाउनटाउनमध्ये जे झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. गाड्या पेटवल्या, दुकानं फोडली. मी मित्रांबरोबर मोठ्या पडद्यावर बघायला गेलो होतो. तिसरा पिरियड संपायच्या आधीच वारं फिरलेलं कळत होतं, आम्ही मागच्या रस्त्याने सटकलो. डोळ्यांची आग होत होती, ती अश्रुधुराची की मॅचची ते ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माणसं आपणहून झाडू घेऊन आली आणि रस्ते साफ केले. १९९४ लाही अशीच दंगल झालेली, तेव्हाही सातवा सामनाच होता, न्यूयॉर्कमध्ये हरलेला, २-३ ने.

---

टवाळ_पोपट

म्हणजे कॅनडावाले सभ्य असतात ही अफवा आहे तर.

---

व्हँकुव्हरचा_विन्या

सभ्य असतो, फक्त सातव्या सामन्यापर्यंत.

---

कोरडा_ओढा

माझं मत कटू लागेल. सात सामने म्हणजे टीव्हीचा धंदा आहे, सरस-बिरस काही नाही. जेवढे सामने तेवढ्या जाहिराती. धावणाऱ्याला आपण सात वेळा धावायला लावतो का? एकदा पळ, पहिला येईल तो पहिला.

---

आकडेमोड

ओढा, आइस हॉकीत एका सामन्यावर काहीच ठरवता येत नाही. गोल कमी होतात, पक (खेळायची रबरी चकती) कोणाच्या स्केटला लागून आत जातो, खांबाला लागून बाहेर येतो. परवाच्या पहिल्या गोलाचंच बघा, फ्लोरिडाच्या रॉड्रिग्जने मारलेला पक त्यांच्याच व्हर्हागीने मध्येच वळवला आणि आत. म्हणून मालिका लागते.

बंड्याच्या प्रश्नाला मात्र माझं वेगळं उत्तर आहे. तुम्ही म्हणता सहा सामन्यांची पाटी पुसली. पण सातवा सामना फ्लोरिडात का झाला? साखळीत फ्लोरिडाचे ११० गुण होते आणि एडमंटनचे १०४. सहा गुण म्हणजे तीन विजय. आता आठवा, एडमंटनची सुरुवात कशी झाली होती. पहिल्या बारा सामन्यांत दोन विजय, नऊ हार आणि एक जादा वेळेतली हार. नोव्हेंबरात कोच वूडक्रॉफ्टना नारळ दिला आणि नॉब्लॉकना आणलं. ऑक्टोबरात घालवलेले गुण जूनमध्ये वसूल झाले, तेही व्याजासकट.

आणि घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे. खेळ थांबल्यावर खेळाडू बदलताना शेवटचा बदल यजमान कोचचा असतो. समोरच्याने मॅकडेव्हिडला उतरवलं हे बघून फ्लोरिडाचा कोच पॉल मॉरिस आपला बार्कोव्ह उतरवू शकतो. बार्कोव्हला याच वर्षी सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी मिळाली आहे. सातव्या सामन्यात मॅकडेव्हिडचे गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास मिळून) किती? शून्य. चौथ्या आणि पाचव्यात प्रत्येकी चार होते.

---

व्हँकुव्हरचा_विन्या

आकडेमोड, घरचा फायदा एवढा असता तर २०११ ला आम्ही जिंकलो असतो. २००९ ला डेट्रॉइट घरी हरलं, २०११ ला आम्ही, २०१९ ला बॉस्टन घरी हरलं. यंदाच्या आधीच्या तिन्ही सातव्या सामन्यांत पाहुणेच कप घेऊन गेले.

---

आकडेमोड

आणि त्याआधीचे चार (२००१, २००३, २००४, २००६) यजमानांनी जिंकलेत. २००६ ला कोण हरलं ते बंड्याला विचारा.

---

बर्फातला_बंड्या

मीठ चोळा. कॅरोलायनात, १-३ ने. तेव्हाही मालिकेत १-३ ने मागे पडून ३-३ केलं होतं. मी नवा नवा आलो होतो, काही कळत नव्हतं, फक्त शेजारचे आजोबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून एकटेच बसले होते ते आठवतं. परवा त्यांच्या मुलाला बघितलं, तोही तसाच बसलेला.

---

पुणेरी_पाटी

प्रश्न: अर्धं फ्लोरिडा दलदलीत आहे, जूनमध्ये तिथे उकडून माणसं हैराण. तिथे बर्फावरच्या खेळाची टीम काढायची कल्पना कोणाची? आणि ते प्लास्टिकचे उंदीर काय प्रकार आहे?

---

आकडेमोड

उंदरांची गोष्ट खरी आहे. १९९५ च्या ऑक्टोबरात मोसमातल्या घरच्या पहिल्या सामन्याआधी पँथर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये उंदीर शिरला. स्कॉट मेलनबीने स्टिकने त्याला भिंतीवर भिरकावलं, उंदीर ठार. त्याच रात्री त्याने दोन गोल केले. मग प्रेक्षक गोल झाला की प्लास्टिकचे उंदीर बर्फावर फेकायला लागले, आणि त्या मोसमात संघ थेट फायनलला पोचला. तिथे कोलोरॅडोने चारही सामन्यांत झोपवलं. पुढे लीगला उंदीर फेकण्याविरुद्ध नियम करावा लागला. परवा सामना संपल्यावर बर्फावर उंदीरच उंदीर होते.

---

पुणेरी_पाटी

आमच्या सोसायटीत जिवंत आहेत. हवे असल्यास स्वखर्चाने घेऊन जावेत.

---

मराठवाड्याचा_माणूस

ब्रॅम्प्टनहून. विषय निघालाच आहे तर सांगतो, मला हा खेळ पंजाबीने शिकवला. इथे टीव्हीवर हॉकी नाइट हा सामन्यांचा कार्यक्रम पंजाबीतून लागतो. कॉमेंट्री करणाऱ्या हरनारायण सिंग यांची, बोनिनो या खेळाडूच्या गोलवरची "बोनिनो बोनिनो बोनिनो" अशी २०१६ ची आरोळी गाजली होती, तुम्ही ऐकली असेल. सोबत काम करणाऱ्या पंजाबी पोरांच्या घरी बसून ऐकून ऐकून ऑफसाइड, आइसिंग, पॉवर प्ले सगळं कळायला लागलं. आता माझी आई इथे आली की तीही बसते. तिला फक्त मारामारी आवडते. "ह्याला का सोडवायलेत, भांडू द्या की" म्हणते.

मराठीत कॉमेंट्री झाली तर मी फुकट करायला तयार आहे.

---

टवाळ_पोपट

"आणि चेंडू... माफ करा, चकती..." पहिल्याच मिनिटाला काढून टाकतील तुम्हाला :)

---

सुलभा_ठाणे

मला त्या मॅकडेव्हिडबद्दल विचारायचंय. भाच्याने सांगितलं की सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस हरलेल्या संघातल्या याला दिलं आणि हा घ्यायलाच आला नाही. हे मला पटलं नाही. २००३ ला सचिन, २०२३ ला विराट, दोघंही फायनल हरले आणि दोघांनीही येऊन बक्षीस घेतलं. चेहरा पडलेला होता, पण आले.

---

बर्फातला_बंड्या

सुलभाताई, त्याच्या बाजूने बोलतो. ते बक्षीस म्हणजे कॉन स्माइथ ट्रॉफी, ती हरलेल्या संघात जाणं फार दुर्मिळ आहे. आधीचा २००३ चा गोली जिगेर. गोली सोडून बाकी खेळाडूंत तर १९७६ च्या रेजी लीचनंतर हाच. प्लेऑफमध्ये ४२ गुण, त्यात ३४ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास), ग्रेट्झ्कीचा ३१ चा विक्रम मोडला. पण हॉकीत ही ट्रॉफी बर्फावर देतात, समोर कप जिंकलेला संघ नाचत असतो. तिथे एकट्याने जायचं आणि हसून फोटो काढायचा? माझ्या मते तो आला नाही तेच बरोबर.

---

गोलीची_आई

मला दोघांचंही पटतं. हस्तांदोलनाच्या रांगेत मात्र तो होता, आणि हॉकीत ती रांग चुकवणं हा खरा अपमान मानतात. सात सामने एकमेकांना फळीवर आपटायचं, आणि शेवटी ओळीत उभं राहून प्रत्येकाशी हात मिळवायचा. माझ्या मुलाच्या दहा वर्षांखालच्या टीमलाही हे करावं लागतं, रडत रडत का होईना.

---

खडूस_काका

तो कोरी पेरी कोण आहे? गेल्या पाच वर्षांत चौथी फायनल हरला म्हणे. चार वेगवेगळ्या संघांकडून.

---

आकडेमोड

२०२० डॅलस, २०२१ मॉन्ट्रियल, २०२२ टँपा, २०२४ एडमंटन. २००७ ला अनाहाइमकडून कप जिंकलाय, पण ते कोणाला आठवत नाही.

---

खडूस_काका

चौघांनीही घेण्याआधी पत्रिका बघायला हवी होती.

---

लेहची_आठवण

वडील सैन्यात होते म्हणून लहानपणीची काही वर्षं लेहमध्ये गेली. हिवाळ्यात तलाव गोठला की त्यावर आइस हॉकी. सैन्याची टीम, आयटीबीपीची टीम, गावातली पोरं. गोलीला पॅड नसले तर काय मिळेल ते पायाला बांधायचं. इथे कोणी सात-सात सामने खेळवले नाहीत, कारण ऊन वाढलं की मैदानच वितळायचं. खडकीकरांना ही खास माहिती, की भारतातही बर्फावर हॉकी खेळतात.

---

खडकीकर

माहितीबद्दल आभार. तरी धनराजच.

---

बर्फातला_बंड्या

विन्याने विचारलं होतं खासगी निरोपात की शेवटची मिनिटं कशी गेली, इथेच लिहितो.

त्या दिवसाची सुरुवात झकास झाली होती. सकाळी साडेआठला वर्ल्ड कपची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच, रोहितचे ९२, नोव्हेंबरचं थोडं उसनं फेडलं. अख्खा दिवस सणाचा वाटत होता. संध्याकाळी रॉजर्स प्लेसमध्ये गेलो. सामना चार हजार किलोमीटरवर, पण इथलं स्टेडियम पडद्यावर बघायला तुडुंब. व्हर्हागीचा पहिला गोल झाला तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, कारण दोन-सव्वादोन मिनिटांत आमच्या सेसीच्या लांब पासवर यानमार्क एकटाच सुटला आणि १-१. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी अनोळखी माणसाला मिठी मारली.

दुसऱ्या पिरियडला पाचेक मिनिटं उरली होती तेव्हा फ्लोरिडाच्या राइनहार्टने उजवीकडून फटका मारला आणि २-१. मोसमात ५७ गोल करणारा माणूस, त्याला तेवढी जागा पुरते. तिसऱ्या पिरियडमध्ये एकदा फ्लोरिडाच्या गोलपुढे पक नुसता पडून होता आणि सगळे त्याच्यावर तुटून पडलेले. हजारो लोक एकदम उभे राहिले. कोणाची स्टिक लागली नाही. शेवटी स्किनरला काढून सहावा खेळाडू आणला तरी नाही. पंचांनीही त्या रात्री शिट्टी फार जपून वापरली, ते बरोबरच होतं, पण आम्हाला शेवटी एखादा पॉवर प्ले (त्यांचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर) तरी हवा होता की.

गाडीपर्यंत चालत आलो. लोक एकमेकांना "पुढच्या वर्षी" म्हणत होते.

---

टवाळ_पोपट | ३० जून २०२४

काल रात्री भारत जिंकला!!! सात धावांनी! सूर्याचा तो कॅच!! बंड्या, बघ, एकच सामना होता आणि जो सरस तोच जिंकला :)

---

कोरडा_ओढा

दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या. सीमारेषा वीतभर मागेपुढे असती तर आज हाच पोपट सात सामन्यांची मालिका मागत असता.

---

टवाळ_पोपट

भावना पोचल्या. आज वाद नको, पेढे घ्या.

---

संपादक मंडळ

क्रिकेटसाठी वेगळा धागा आहे. तिथे पेढे वाटावेत.

---

गोलीची_आई | १९ जून २०२५

वर्षभराने धागा वर काढते आहे. परत तेच दोन संघ, परत फ्लोरिडा. या वेळी सातव्यापर्यंत गेलंच नाही, सहाव्यात ५-१. राइनहार्टचे चार. बंड्या, कसे आहात?

---

बर्फातला_बंड्या

जिवंत आहे. आणि खरं सांगू? या वेळी कमी लागलं. ५-१ मध्ये भांडायला जागाच नाही, ते सरस होते, विषय संपला. गेल्या वर्षीचा तो गोलपुढे पडलेला पक अजून दिसतो. आकडेमोडचं ऑक्टोबरातल्या गुणांचं गणित मी इथल्या पोरांना दहादा सांगितलं, पण या वर्षी घरचे सामने आमच्याकडे जास्त होते, सातवा झाला असता तर एडमंटनलाच झाला असता, तरी सहाव्यातच उरकलं. तेव्हा तेही गणित मला पुरं पटलेलं नाही.

---

आकडेमोड

सातवा घरी मिळवून देणं गणिताच्या हातात होतं, सातव्यापर्यंत पोचणं तुमच्या.

---

व्हँकुव्हरचा_विन्या

माझी व्यथा कोणी विचारत नाही. मोसमाच्या शेवटी फ्लोरिडाने कोणाला आणलं? मार्शांडला. आणि त्याने फायनलमध्ये धडाधड गोल केले. चौदा वर्षं झाली, हा माणूस पाठ सोडत नाही.

---

खडूस_काका | २ जुलै २०२५

पेरीची फायनलमधली पाचवी हार झाली. आता लॉस एंजेलिसला चाललाय म्हणे. तिथे कोणी मराठी असेल तर त्यांनी आत्ताच नवा धागा काढून ठेवावा.